नाव नंतर येईल

भिंगरीचं नाव भिंगरी कसं पडलं ते आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा आत्याच्या ऑफिसात गेली, तिथल्या फिरत्या खुर्चीवर चढली आणि डोळे पांढरे होईपर्यंत गरगरत राहिली. "उतर आता भिंगरे, नाहीतर उडून छताला लागशील," आत्या म्हणाली, आणि तेव्हापासून खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

त्याला अकरा वर्षं झाली. आता भिंगरी अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, खुर्ची तीच होती, आणि सुट्टीतले पंधरा दिवस त्या खुर्चीवर बसायचं काम तिला रीतसर मिळालं होतं. रीतसर म्हणजे गळ्यात ओळखपत्र, त्यावर शिक्का आणि 'तात्पुरती मदतनीस' अशी ठसठशीत अक्षरं. ते ती जेवतानाही काढत नव्हती. "झोपताना तरी काढ," आई म्हणाली, "उशी काही विचारत नाही तू कोण म्हणून."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात बावीस वर्षं खातं उघडायच्या खिडकीवर बसलेली. खातं म्हणजे बँकेतलं नव्हे. प्रवेश मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकावरचं एक खातं लागतं. त्याच्याशिवाय विषय निवडता येत नाहीत, वेळापत्रक दिसत नाही, ग्रंथालयाचं दार उघडत नाही, परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. खातं नाही तर तुम्ही नुसतेच आवारात फिरायला आलेले. ते उघडून देणारी, पासवर्ड विसरलेल्यांना सांभाळून घेणारी आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांचं खातं बंद करणारी खिडकी एकच होती. तळमजल्यावर, जिना आणि ग्रंथालयाचं मागचं दार यांच्यामध्ये. पाटी होती 'खिडकी क्र. १'. क्रमांक दोन कधी झालीच नाही.

खिडकीच्या बाहेर लाकडी फळी, तिच्यावर विद्यार्थ्यांसाठी एक कीबोर्ड आणि एक छोटा स्क्रीन, समोर गोल फिरतं स्टूल. आतल्या बाजूला आत्याचा संगणक, पावत्या छापणारं जुनं यंत्र आणि ती खुर्ची. दोघांच्या मधे वरून खाली येणारं पत्र्याचं शटर. त्याची खिट्टी झिजलेली होती, म्हणून उघडं ठेवताना आत्या त्याच्याखाली एक लाकडी ठोकळा उभा करायची. पहिल्या दिवशी तिनं भिंगरीला सगळ्यात आधी तो ठोकळाच दाखवला.

"ह्याच्याखाली बोट घालायचं नाही. हे शटर कुणाचं भाचरू ओळखत नाही."

आणि मग आत्याचं काम सुरू झालं, आणि भिंगरी बघतच राहिली.

विद्यार्थी यायचा, स्टुलावर बसायचा, बाहेरच्या कीबोर्डवर आपला प्रवेश क्रमांक टाकायचा. तो आत आत्याच्या स्क्रीनवर उमटायचा, शेजारी नाव आपोआप यायचं. आत्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, मग हातातल्या पत्राकडे, मग 'हो'चं बटण दाबायची. आणि मग चक्क खुर्ची वळवून पाठ करून बसायची! तोंड भिंतीकडे. भिंतीवरचा रंग एका जागी उडाला होता आणि त्याचा आकार अगदी बदकासारखा होता. त्या बदकाकडे बघत ती म्हणायची, "हं, टाक पासवर्ड. दोनदा. झालं की 'झालं' म्हण. तोवर मी वळणार नाही."

"आत्या, स्क्रीनवर नुसते ठिपके दिसतात गं. पाठ कशाला फिरवायची?"

"बोटं दिसतात ना? आपलं गुपित टाकताना समोर कुणी बघत असलं की माणूस सोपं गुपित निवडतो."

पण पाठ फिरवून आत्या काय करायची ते कुणालाच माहीत नव्हतं, भिंगरी सोडून. ती ऐकायची. बावीस वर्षांत तिच्या कानांना कीबोर्ड पाठ झाला होता. आकड्यांची वरची रांग जरा पोकळ वाजते, लांबडी कळ धप्प बोलते, कोपऱ्यातली एक कळ किंचित कुरकुरते. पहिल्याच दिवशी एक नवा विद्यार्थी टाइप करत असताना ती बदकाला म्हणाली, "जन्मतारीख नको रे बाळा. तुझ्या मित्रांना ती पाठ असणार." तो स्टुलावरून पडायचाच बाकी होता. दुसरीला म्हणाली, "दुसऱ्या वेळी एक अक्षर गाळलंस. घाई नाही, परत टाक." आणि शेवटच्या वर्षाचा एक उंचाडा पासवर्ड बदलायला आला होता, त्याचं टाइप करून होतं न होतं तोच ती म्हणाली, "जुनाच टाकलास ना?"

"मॅडम, तुम्ही बघितलंत!"

"मी बदक बघतेय. समोर काय लिहून आलंय ते वाच."

उंचाड्यानं वाचलं: "हा पासवर्ड या खात्यावर पूर्वी वापरलेला आहे. दुसरा निवडा."

"दोन वर्षांपूर्वी इथेच बसून टाकला होतास. मशीन विसरत नाही," आत्या म्हणाली. मग मान न वळवता हळूच, "मीही नाही."

भिंगरीला त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घरी येऊन तिनं आईबाबांना ते तीनदा करून दाखवलं, सोफ्याला कीबोर्ड मानून. जगात कुणाची आत्या वैद्य असते, कुणाची विमान चालवते. पण जिला पाठीमागून माणसं ऐकू येतात अशी आत्या एकच होती, आणि ती आपली होती.

एवढं सगळं छान चालू असताना मधेच होते मोजसाहेब. केंद्राचे संचालक. ते सगळं मोजायचे, दिवे, खुर्च्या, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा, म्हणून मागून सगळे त्यांना मोजसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या मते ही खिडकी आता जुनी झाली होती. पोरांनी घरी बसून स्वतःच खाती उघडावीत, मधे माणूस कशाला? माणूस आला की चूक आली.

"चूक?" आत्या म्हणाली होती. "दाखवा एक."

त्यावर ठरलं ते असं: प्रवेशाचा आठवडा संपेल त्या शुक्रवारी पाच वाजता दोन आकडे समोरासमोर ठेवायचे. प्रवेश मिळालेले विद्यार्थी आणि उघडलेली खाती. जुळले तर खिडकी राहील. एकाचाही फरक पडला तर सोमवारपासून शटर कायमचं खाली, आणि आत्या मागच्या इमारतीत, सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांची यादी करायला.

 रविवारी आत्यानं शटरच्या खोबणीत घालायला तेलाची बाटली पिशवीत टाकली.

सोमवारी गर्दी उसळली. बाराच्या सुमारास आत्याला वर बोलावणं आलं. जाताना ती म्हणाली, "तीन गोष्टी. चेहरा बघ, नंबर बघ, मग पाठ फिरव. ह्याच क्रमानं."

"मला येतं गं!"

आणि खरंच येत होतं. भिंगरीचा हात बसला होता. नंबर, हो, गर्रकन वळायचं, "झालं", गर्रकन परत. अर्ध्या तासात वीस जण! रांग संपत आली, एकाला पाच मिनिटं कमी होती, आणि वहीत वेळ लिहिण्यासाठी तिनं मान खाली घातली होती. तेवढ्यात स्क्रीनवर क्रमांक उमटला. ८४१३. शेजारी नाव नव्हतं; 'नाव : नंतर येईल' असं आलं. उशिरा प्रवेश मिळालेल्यांचं तसं येतं, यादी संध्याकाळी येते. भिंगरीनं मान वर न करता 'हो' दाबलं आणि मजेत दीड फेरी घेऊन बदकासमोर थांबली.

"टाका पासवर्ड. दोनदा."

मागे कळा वाजायला लागल्या. स्पष्ट, एकसारख्या. एकदा. मग दुसऱ्यांदा.

'झालं' काही कुणी म्हणेना.

लाजरी दिसतेय, भिंगरीला वाटलं. तिनं बदकाची चोच, मान, शेपूट बघून घेतली. मग मागे पावतीचं यंत्र खरखरलं, म्हणजे खातं उघडलं होतं. ती वळली.

समोर कुणी नव्हतं. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. बाहेरचं गोल स्टूल मात्र हळूहळू फिरत होतं, आणि तिच्या देखत थांबलं.

संध्याकाळी यादी आली. ती ८४१२ वर संपत होती.

"बाराशे चाळीस विद्यार्थी," मंगळवारी सकाळी आत्या म्हणाली. "त्यातले आलेले आणि यायचे राहिलेले धरून खाती व्हायला हवीत बाराशे चाळीस. आपली एक जास्त होणार. भिंगरे, चेहरा बघितला होतास?"

भिंगरीनं ओळखपत्राच्या पट्टीला पीळ दिला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि ह्या बाईसमोर उपयोगही नव्हता.

"नाही."

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "हं" म्हणाली आणि ८४१३ उघडून बसली. आत काय आहे ते तिनं बघितलं नाही. कुणाच्या खात्याच्या आत ती बघत नसे. पण बाहेरूनही थोडं दिसतं. कधी वापरलं, कुठून वापरलं, किती साठवलं.

साठवलेली पानं : अकरा.

"एका दिवसात अकरा पानं?" भिंगरी पुढे वाकली. "अजून वर्ग सुरू नाहीत. लिहितंय काय?"

"अभ्यास," आत्या म्हणाली, जणू दुसरं काही असूच शकत नाही.

बुधवारी अडतीस पानं झाली. आणि वापराच्या रकान्यात हे होतं: 'सोमवार, १:०४ ते १:५६. मंगळवार, १:०४ ते १:५६. ठिकाण : खिडकी क्र. १, बाहेरील.'

भिंगरीनं ते दोनदा वाचलं. एक ते दोन जेवणाची सुट्टी. त्या वेळी शटर खाली असतं. व्हरांड्याचं जाळीचं दार आत्या स्वतः कुलूप लावून बंद करते आणि किल्ली कमरेला खोचते. दोन्ही दिवस त्या दोघी इथेच, शटरच्या अलीकडे डबे उघडून बसल्या होत्या. मंगळवारी भिंगरीनं शाळेतल्या बाईंची नक्कल केली होती आणि आत्याला हसून ठसका लागला होता.

"आत्या, आपण तर इथेच होतो."

"आपण बोलत होतो," आत्या म्हणाली. "उद्या गप्प बसून जेवू."

गुरुवारी एक वाजता शटर खाली आलं. कुलूप लागलं. भिंगरीनं ते स्वतः ओढून बघितलं. दोघींनी डबे उघडले आणि घास न घेता बसल्या. वर कुठेतरी पंखा कुरकुरत होता. ग्रंथालयात कुणीतरी खुर्ची सरकवली.

एक वाजून चार मिनिटांनी पत्र्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, स्टूल करकरलं.

आणि कळा वाजू लागल्या.

भिंगरीच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण आत्याकडे बघितलं तर ती डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकत होती, गाण्याच्या बैठकीत जाणकार ऐकतात तशी. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कौतुक होतं!

"मुलगी आहे," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "हात हलका आहे. विचार करून लिहिते. बघ, थांबली... आता खोडलं... आता बरोबर सुचलं, बघ कशी पळतेय." मग जरा वेळानं, "उजवी करंगळी उशिरा पोचते. प्रत्येक वेळी. दुखरी असावी."

भिंगरीला आधी कळलं नाही. मग कळलं. टक टक टक, मग एक इवलीशी फट, मग टक. एकदा कानाला लागल्यावर ती फट सोडता सोडवेना.

ती उठली आणि आत्या नको म्हणायच्या आत तिनं शटर दोन्ही हातांनी वर ढकललं.

स्टूल रिकामं. दाराचं कुलूप जागच्या जागी. छोट्या स्क्रीनवर नेहमीचा निळा रंग. भिंगरीनं फळीवर हात ठेवला. फळी थंडगार होती, कळा मात्र नुकतीच कुणी बोटं उचलावीत तशा उबदार होत्या.

"तू मधेच उठवलंस तिला," आत्या नाराजीनं म्हणाली.

"आत्या! मला भीती वाटतेय आणि तू तिची बाजू घेतेस? बंद करून टाक ना ते खातं! तुला एक बटण दाबायचंय. उद्या पाच वाजता मोजसाहेब येणार. एक जास्त निघालं तर तुझी खिडकी जाईल!"

"खातं बंद करायची रीत काय?"

"ज्याचं त्यानं इथे बसून पासवर्ड टाकायचा, कारण लिहायचं, मग आपण 'हो' दाबायचं," भिंगरीनं घडाघडा म्हटलं. "पण ती माणसांसाठी आहे ना रीत! ही माणूस तरी आहे का?"

आत्यानं डब्याचं झाकण लावलं. "चार दिवसांत शंभरावर पानं केलीत पोरीनं. रोज वेळेवर येते, वेळेवर उठते, कुणाला त्रास देत नाही. विद्यार्थी व्हायला अजून काय लागतं गं? बावीस वर्षांत कुणाच्या पाठीमागे मी त्याचं खातं बंद केलेलं नाही. खिडकी वाचवायला तेच केलं, तर वाचवून उपयोग काय?"

भिंगरीला त्या रात्री आत्याचा राग आला आणि अभिमान वाटला, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं जास्त कोणतं ते ठरेना. चूक आपली. चेहरा आपण बघितला नाही. आणि मोडक्या खुर्च्या मोजणार आत्या.

शुक्रवारी एक वाजता आत्यानं शटर पाडलं, दाराला कुलूप लावलं आणि याद्यांची चळत उचलली. "मी वर जाऊन येते. साहेबांना आधीच सांगते, एक जास्त आहे आणि ते मी काढणार नाही म्हणून. पाच वाजेपर्यंत लपवून ठेवायला ते काय परीक्षेचे पेपर आहेत?" ती आतल्या जिन्यानं गेली. तिच्या चपलांचा आवाज वर जाईपर्यंत भिंगरी ऐकत राहिली.

मग तिनं शटर वीतभर उचललं आणि त्याच्याखाली ठोकळा उभा केला.

खुर्ची वळवली. बदकाकडे तोंड केलं. आज फेरी घेतली नाही.

एक वाजून चार मिनिटं झाली. स्टूल करकरलं.

पहिली कळ वाजायच्या आत भिंगरी बोलली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"ऐक ना. तू कोण ते मला माहीत नाही. मी वळणार नाही, शप्पथ. तुझं खातं मी उघडलं, चेहरा न बघता. चूक माझी होती, तुझी नाही. पण त्यामुळे माझ्या आत्याची खिडकी जातेय."

भिंगरीनं बदकाच्या चोचीवर नजर रोवली.

"ती तुझं खातं तुला न विचारता बंद करणार नाही. म्हणून मी विचारतेय. तू खूप छान अभ्यास करतेस असं ती म्हणते. ती कुणाचंही उगाच कौतुक करत नाही. माझंसुद्धा नाही." भिंगरीनं नाक ओढलं. "तूच बंद करशील का? प्लीज?"

पंखा कुरकुरला. बदक जागेवर होतं.

मग कळा वाजल्या.

भिंगरीनं श्वास धरून मोजल्या. बारा. दोनदा ती फट आली, करंगळी उशिरा पोचल्याची. थोडा वेळ काही नाही. मग अजून थोड्या कळा, हळू, विचार करून.

तिच्या स्क्रीनवर चौकट उघडल्याचा टिंग असा आवाज झाला. अंग न वळवता तिनं हात मागे नेला आणि चाचपत 'हो' दाबलं.

पावतीचं यंत्र खरखरलं.

आता 'झालं' म्हणेल. म्हटलं की वळायचं. भिंगरी थांबली.

कुणीच काही म्हणेना. फक्त स्टूल फिरल्याचा आवाज येत होता. संथ. गोल गोल. कुणीतरी उठायच्या आधी उगाच एक फेरी घ्यावी तसा.

तिला राहवलं नाही.

ती वळली, फळीवर झेपावली आणि शटरच्या फटीतून उजवा हात पलीकडे घातला. पकडायला, की हात मिळवायला, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. बोटांना बाहेरची रिकामी हवा लागली. कोपराचा धक्का ठोकळ्याला बसला आणि शटर धाडकन सुटलं. तिनं हात मागे घेतला. चार बोटं निसटली.

तिची किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत गेली.

आत्या धावत आली. शटर उचललं, करंगळी नळाखाली धरली, रुमालाची पट्टी बांधली आणि मग यंत्रातून लोंबणारी पावती फाडली. 'खाते क्र. ८४१३ बंद. विनंती : खातेदाराची स्वतःची. साठवलेली पाने : ११४.' आणि खाली, 'कारण' ह्या शब्दापुढे, त्या हळू हळू वाजलेल्या कळा होत्या:

'पुढच्या वर्षी येते.'

आत्यानं ते वाचलं. भिंगरीला वाटलं, आता ती विचारेल, कसं काय, काय बोललीस. ती म्हणाली, "बोट दाखव."

तिनं पट्टी सोडली आणि भिंगरीची उजवी करंगळी आपल्या दोन बोटांत धरून, उजेडाकडे वळवून बघत राहिली. जखम बघायला लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ. मग पुन्हा नीट पट्टी बांधली, पावतीची बारीक घडी केली आणि खणात अगदी मागे ठेवली.

पाच वाजता मोजसाहेब आले. बाराशे चाळीस विद्यार्थी, बाराशे चाळीस खाती. त्यांनी तीनदा मोजलं. "दुपारी तर एक जास्त आहे म्हणत होतात?"

"होतं," आत्या म्हणाली. "ज्याचं त्यानं बंद केलं."

खिडकी राहिली.

वर्ष बघता बघता गेलं. करंगळी बरी झाली, पण मधल्या पेरात आखडून राहिली. त्यावरून बाबा चिडवायचे, "चहाचा कप धरलास की राणीसाहेब दिसतेस." बारावीचा निकाल लागला, आणि विद्यापीठाचे अर्ज सुरू झाले त्या दिवशी, त्या मिनिटाला भिंगरीनं अर्ज भरला. घाई तिच्या रक्तातच होती. सगळ्यात पहिला अर्ज तिचा होता. प्रवेशपत्र आलं तेव्हा घरभर नाचताना तिनं क्रमांकाकडे धड बघितलंही नाही.

तो तिनं बघितला थेट खिडकीवर, कीबोर्डवर टाकताना: ८४१३. तिची बोटं जरा अडखळली. क्रमांक दरवर्षी मागच्या वर्षीच्या यादीच्या पुढे चालू होतात, एवढं साधं होतं ते. कुणाला तरी तो मिळणारच होता.

पलीकडून आत्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. नेहमी बघते त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग पत्राकडे. मग 'हो' दाबलं. नाव आलं, पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावरचं. ह्या बाजूनं आत्या कशी दिसते ते भिंगरीला पहिल्यांदाच दिसत होतं: सरळ पाठ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि समोर ते बदक. किती छान बसते ही, तिला वाटलं. जगात कुणीही तुमचं गुपित इतक्या नीट सांभाळलं नसेल.

"हं, टाक पासवर्ड," आत्या भिंतीला म्हणाली. "दोनदा."

भिंगरीनं तीन दिवस विचार करून तो ठरवला होता. कुणालाही सांगितला नव्हता, कुठेही लिहिला नव्हता. तिनं टाइप केला. बारा कळा. दुसऱ्यांदा टाकताना तिला स्वतःलाच ऐकू आलं: टक टक टक, मग एक इवलीशी फट, मग टक.

छोट्या स्क्रीनवर ओळ उमटली.

'हा पासवर्ड या खात्यावर पूर्वी वापरलेला आहे.'

 भिंगरीनं हात कळांवरून उचलला नाही. तिच्याखालचं स्टूल आपोआप थोडंसं फिरलं आणि थांबलं.

आत्या वळली नाही. बदकाकडे बघतच, अगदी मायेनं, ती म्हणाली,

"दुसरा टाक, बाळा. तो तुझा वापरून झालाय."